पट, हजेरी आणि शिक्षण : महामारीच्या काळातील शालेय उपस्थितीच्या आकड्यांचे वाचन

प्रास्ताविक

शाळेच्या रोजच्या व्यवहारात 'पट' आणि 'हजेरी' हे दोन शब्द इतके जवळ वावरतात की पुष्कळदा ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक दोहोंचा अर्थ निराळा आहे. 'हजेरी' हा शब्द अरबीतील 'हाजिर' या शब्दापासून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. 'हाजिर' म्हणजे समोर असलेला, देहाने उपस्थित असलेला. पट ही नावांची यादी आहे. नाव पटावर असते. मूल हजर असते किंवा नसते. नाव पटावर असून मूल वर्षभर वर्गात आले नाही असे घडू शकते. मूल रोज येऊन बसते पण त्याचे नाव कोठेच नाही, असेही घडते. तिसरी गोष्ट शिकण्याची. ती या दोहोंतून आपोआप निष्पन्न होत नाही.

सन २०२० ते २०२२ या महामारीच्या काळात भारतातील शाळांविषयी अनेक अहवाल आणि आकडे प्रसिद्ध झाले. काहींनी चिंता निर्माण केली, काहींनी समाधान दिले. दोन्ही प्रकारचे वाचन बहुतांशी घाईचे होते, कारण पट, हजेरी आणि शिक्षण या तीन गोष्टींची त्यात सरमिसळ झाली. प्रस्तुत लेखात या काळातील प्रमुख आकडेवारीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. कोणत्याही अहवालास खोटे ठरविणे हा तिचा हेतू नाही. प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

हजेरीचा अर्थच बदलला

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या. युनिसेफच्या अंदाजानुसार सुमारे १५ लाख शाळा आणि प्राथमिक ते माध्यमिक स्तरावरील सुमारे २४ कोटी ७० लाख विद्यार्थी यांवर त्याचा परिणाम झाला. शाळा बंद म्हटल्यावर हजेरीचा प्रश्न मिटला असे वाटेल. परंतु तसे झाले नाही. हजेरीपट बंद झाला नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलला. कोठे व्हॉट्सअॅपवर पाठविलेला स्वाध्याय पाहिला गेला की मूल 'उपस्थित' धरले गेले, कोठे ऑनलाइन तासाला नाव दिसले की पुरे झाले. घरात एकच फोन, तोही वडील कामावर जाताना घेऊन जातात, आणि शिकणारी भावंडे तिघे, अशा घरातील मुलाची हजेरी नेमकी कशी लावावयाची, याचा एकसारखा नियम कोठेही नव्हता.

शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या तेव्हा दुसरा बदल झाला. ऑक्टोबर २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला. विद्यार्थ्याने शाळेत यावे ते पालकांच्या लेखी संमतीने, उपस्थितीची सक्ती करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. त्या परिस्थितीत ही तरतूद योग्यच होती. परंतु त्यामुळे 'गैरहजर' या शब्दाचा अर्थ पालटला. महामारीपूर्वी गैरहजर म्हणजे यावयास हवा होता पण आला नाही असा विद्यार्थी. आता ज्याच्या पालकाने संमतीपत्रावर सही केली नाही तोही गैरहजर, ज्याच्या घरी रुग्ण आहे तोही गैरहजर, आणि जो वीटभट्टीवर कामाला लागला तोही गैरहजर. कारणे तीन, उपायही तीन वेगवेगळे. हजेरीपटावरील खूण मात्र एकच.

भागाकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका शाळेत दहावीचे शंभर विद्यार्थी आहेत असे समजू. अंतर राखण्यासाठी एका दिवशी पन्नास आणि दुसऱ्या दिवशी पन्नास असे त्यांना बोलाविले. पहिल्या दिवशी पंचेचाळीस आले. या शाळेची उपस्थिती ४५ टक्के म्हणावयाची की ९० टक्के? एकूण पटाशी भागले तर पहिला आकडा येतो, बोलाविलेल्यांशी भागले तर दुसरा. दोन्ही हिशेब बिनचूक आहेत. पण एका शाळेने पहिल्या रीतीने आणि शेजारच्या शाळेने दुसऱ्या रीतीने तक्ता भरला, तर त्या दोहोंची तुलना निरर्थक ठरते. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली. कर्नाटकात १ जानेवारी २०२१ पासून दहावी व बारावीचे वर्ग सुरू झाले. वर्ग निराळे, तारखा निराळ्या, नियम निराळे. अशा स्थितीत 'अमुक राज्यात इतके टक्के उपस्थिती' हे वाक्य छेदाचा उल्लेख केल्याशिवाय अपुरेच राहते.

वाढलेला पट

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची 'यूडायस प्लस' ही आकडेवारी शाळांनी भरून दिलेल्या माहितीवर आधारलेली असते. २०२०-२१ या वर्षाच्या अहवालात पहिली ते बारावीची एकूण पटसंख्या २५ कोटी ३८ लाख दाखविली आहे. आधीच्या वर्षापेक्षा ती २८ लाखांहून अधिक होती. २०२१-२२ मध्ये ती २५ कोटी ५७ लाखांवर गेली. शासकीय शाळांचा पट २०१९-२० मधील १३ कोटी ९ लाखांवरून २०२१-२२ मध्ये १४ कोटी ३२ लाख झाला, तर खासगी विनाअनुदानित शाळांचा पट याच काळात ९ कोटी ८२ लाखांवरून ८ कोटी ८२ लाखांवर उतरला.

शाळा बंद असलेल्या वर्षांत पट वाढला, याचा अर्थ काय? शासकीय शाळांवरील विश्वास वाढला, असे त्याचे एक वाचन सर्वत्र झाले. ते अंशतः खरे असू शकेल. तथापि त्याच काळात कोट्यवधी कुटुंबांचे उत्पन्न बुडाले होते, खासगी शाळांचे शुल्क भरणे अशक्य झाले होते आणि अनेक लहान खासगी शाळा बंद पडत होत्या, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. आणखी एक कारण म्हणजे शासकीय व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके आणि मध्यान्ह भोजनाऐवजी मिळणारे धान्य किंवा अन्नसुरक्षा भत्ता हे पटावरील नावास मिळत होते. ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत होती तेथे मुलाचे नाव शासकीय शाळेत असणे ही गरज होती. तिला विश्वास म्हणणे म्हणजे नाइलाजाला पसंतीचे नाव देणे होय.

याच अहवालातील पूर्वप्राथमिक स्तराचा आकडा तितकासा चर्चेत आला नाही. तेथील पट २०२०-२१ मध्ये २९ लाखांनी घटून सुमारे १ कोटी ६ लाख झाला आणि २०२१-२२ मध्ये ९५ लाखांच्या खाली गेला. पहिलीपुढे पट वाढत असताना सर्वांत लहान मुले शाळेच्या दारापासून दूर जात होती. एकूण बेरजेकडे पाहणाऱ्यास हे दिसत नाही.

गळतीच्या आकड्याचेही असेच आहे. माध्यमिक स्तरावरील गळती २०१९-२० मधील १६.१ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये १४.६ टक्के झाली. वर्षभर शाळा बंद असताना गळती कमी झाली! गळतीचे गणित एका वर्षाच्या पटाची पुढील वर्षाच्या पटाशी तुलना करून मांडले जाते. ज्या काळात विद्यार्थी परीक्षेविना वरच्या वर्गात घातले गेले, त्या काळात कागदावरची गळती कमी होणारच. नाव पुढील वर्गात गेले. मूल गेले की नाही, हे त्या गणिताला विचारता येत नाही.

पुढील घडामोड या दृष्टीने बोलकी आहे. २०२२-२३ पासून यूडायस प्लसने शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेण्यास सुरुवात केली. पूर्वप्राथमिकसह एकूण पट २०२१-२२ मध्ये सुमारे २६ कोटी ५२ लाख होता. तो २०२२-२३ मध्ये सुमारे २५ कोटी १८ लाख आणि २०२३-२४ मध्ये २४ कोटी ८० लाख नोंदला गेला. पद्धत बदलल्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना करता येत नाही, असे मंत्रालयाने स्पष्ट केले आहे आणि ते मान्य करावयास हवे. या घटीत जन्मदराचाही वाटा असू शकतो. म्हणून 'एक कोटीहून अधिक मुले शाळेबाहेर गेली' असे विधान करणे चुकीचे ठरेल. परंतु नावानिशी मोजणी होताच बेरीज एवढी उतरते, तर महामारीच्या वर्षांतील वाढीवर उभारलेले निष्कर्षही तितक्याच सावधपणे घ्यावयास हवेत.

फोनवरून घेतलेला कानोसा

'असर' हे ग्रामीण भागातील घरोघरचे सर्वेक्षण. सप्टेंबर २०२० मध्ये ते फोनवरून करण्यात आले आणि ५२ हजारांहून अधिक कुटुंबांशी संपर्क साधला गेला. सहा ते दहा वयोगटात शाळेत नाव नसलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील १.८ टक्क्यांवरून ५.३ टक्के झाल्याचे आढळले. या आकड्याने खळबळ उडाली. वास्तविक शाळाच उघडल्या नव्हत्या म्हणून अनेकांनी लहान मुलांची नावे घातली नव्हती, ही शक्यता खुद्द अहवालातच नोंदली होती. २०२२ च्या प्रत्यक्ष सर्वेक्षणात सहा ते चौदा वयोगटातील हेच प्रमाण १.६ टक्के, म्हणजे २०१८ च्याही खाली आले. लांबलेला प्रवेश आणि सुटलेली शाळा या भिन्न गोष्टी असून २०२० मध्ये त्या एकाच खान्यात पडल्या होत्या. समाधानाचे आकडे जसे तपासून घ्यावयाचे, तसेच भयाचेही.

या फोन-सर्वेक्षणांची एक मर्यादा उघड आहे. ज्या घरी फोन नाही किंवा क्रमांक बदलला आहे, ते घर नमुन्यातून सुटते. नेमके तेच घर ऑनलाइन शिक्षणातूनही सुटलेले असते. तरीही २०२१ च्या अहवालातील एक नोंद मोलाची आहे. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु अशा घरांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. 'घरात फोन आहे' या एका उत्तरावरून मुलाला शिक्षण मिळते असे गृहीत धरणाऱ्या सर्व तक्त्यांवर ही टिपणी आहे.

वस्तीतून आलेला आकडा

ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या समन्वयाने ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत 'स्कूल' सर्वेक्षण झाले. सुमारे चौदाशे मुलांची ही पाहणी गरीब वस्त्यांत प्रत्यक्ष जाऊन केलेली होती. ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि १९ टक्के होते. आरंभी खासगी शाळेत असलेल्या मुलांपैकी २६ टक्के मुले शासकीय शाळांत गेली होती. थकलेले शुल्क भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही, म्हणून काही मुले मधल्या मध्ये अडकलेली होती. जुन्या शाळेच्या पटावर नाव, नव्या शाळेत प्रवेश नाही, अशा मुलास यूडायस प्लस 'विद्यार्थी' मोजणार आणि ही पाहणी त्यास 'काहीच न शिकणारा' मोजणार. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत.

मात्र या पाहणीचा नमुना जाणीवपूर्वक वंचित वस्त्यांतून निवडलेला होता. त्यातील सुमारे ६० टक्के कुटुंबे दलित व आदिवासी होती. त्यामुळे 'भारतातील ग्रामीण ३७ टक्के मुले काहीच शिकत नाहीत' असा तिचा दाखला देणे अयोग्य होय, आणि तसे दाखले पुष्कळ दिले गेले. गरीब वस्तीचे खरे चित्र म्हणून ही पाहणी अमूल्य आहे. देशाची सरासरी म्हणून ती वापरता येत नाही.

मोजणीचा खाना कोण ठरवितो, हा प्रश्न मुस्लिम समाजास पूर्वीपासून परिचित आहे. जुलै २०१५ मध्ये औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुलांना 'शाळाबाह्य' धरण्याचा निर्णय महाराष्ट्रात झाला होता. 'असर'च्या तक्त्यात मात्र मदरशात जाणारी मुले 'इतर' या खान्यात, शाळेत नाव असलेल्यांतच धरली जातात. मूल तेच, पण एका कागदावर शाळेतले आणि दुसऱ्यावर शाळेबाहेरचे. यातील योग्य व्याख्या कोणती, हा वाद निराळा. आकडा वाचण्यापूर्वी व्याख्या वाचावी लागते, एवढे तरी यातून स्पष्ट होते.

निराळा खाना ठेवण्याचा लाभ आणि धोका

परदेशातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये महामारीच्या कारणाने शाळेत न आलेल्यांसाठी 'एक्स' ही निराळी खूण ठेवण्यात आली आणि ती 'अनुपस्थिती'त धरली गेली नाही. परिणामी २०२० च्या शरद सत्रात अनुपस्थितीचे प्रमाण ४.७ टक्के आले, आधीच्या वर्षी ते ४.९ होते. केवळ एवढेच वाचणाऱ्यास महामारीत उपस्थिती सुधारली असे वाटेल. प्रत्यक्षात शाळेची आणखी ७ टक्के सत्रे 'एक्स' खाली गेली होती. निराळ्या खान्यामुळे कारण कळले, हा लाभ. परंतु दोन्ही खाने एकत्र न वाचल्यास हानी झाकली जाते. भारतात असा एकसमान खानाच नव्हता, त्यामुळे ती बेरीज करण्याची सोयही राहिली नाही.

बहात्तर टक्के तेच, वाचन मात्र तेच नव्हे

२०२२ मध्ये 'असर'ची पथके पुन्हा गावांत गेली. ग्रामीण शासकीय प्राथमिक शाळांतील भेटीच्या दिवशीची उपस्थिती २०१८ मध्ये ७२.४ टक्के होती, २०२२ मध्ये ती सुमारे ७३ टक्के निघाली. या एका आकड्यावर थांबल्यास दोन वर्षांत काहीच घडले नाही असा निष्कर्ष निघेल. त्याच अहवालात शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण मात्र २०.९ वरून १६.३ टक्क्यांवर आलेले दिसते. ही तिसरीची मुले म्हणजे २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली पिढी. त्यांचा पहिलीचा वर्ग बहुतांश वर्गाबाहेरच गेला.

२०२४ च्या अहवालात उपस्थिती ७५.९ टक्के झाली आणि शासकीय शाळांतील तिसरीचे वाचन २३.४ टक्क्यांवर गेले. 'मुले सावरली' असे त्याचे स्वागत झाले. पण २०२४ ची तिसरी ही २०२२ ची तिसरी नव्हे. ही मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत आलेली आहेत. महामारीची झळ बसलेली पिढी २०२४ मध्ये पाचवीत होती. तिचा आकडा त्याच अहवालात पाचवीच्या रकान्यात सापडतो : शासकीय शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०१८ च्या पाचवीत हे प्रमाण ४४.२ होते. म्हणजे ही पिढी जुन्या पातळीला पोचली, हे खरे आणि शिक्षकांच्या श्रमाला दाद देण्याजोगे आहे. त्याचबरोबर पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. यातील पडझड आणि सावरणे, दोन्ही उपस्थितीच्या आकड्यात दिसले नाही. वाचून घेतल्यावरच ते दिसले.

पटपडताळणीचा धडा

पटावरील नावांची शहानिशा करण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात महामारीपूर्वीच झाला होता. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि सुमारे २० लाख विद्यार्थी पटावर असूनही प्रत्यक्ष आढळले नाहीत. शिक्षकांची पदे पटावर अवलंबून असतात, म्हणून पट फुगविण्याचा मोह होतो, हे त्या मोहिमेने उघड केले. परंतु आढळली नाहीत ती सगळी नावे बनावट होती असे समजणेही अन्यायाचे होते. आजारी मूल, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले मूल, हेही त्या दिवसांत आढळले नसणार. अशा मुलाला बनावट म्हणून पटावरून काढणे म्हणजे त्याचा शाळेकडे परतण्याचा मार्ग बंद करणे होय.

महामारीनंतरच्या आकड्यांबाबत हाच धोका दोन्ही बाजूंनी आहे. पट घटला की लहान शाळा बंद करण्याची किंवा जोडण्याची भाषा सुरू होते, आणि सीमाभागातील मराठी व उर्दू माध्यमाच्या लहान शाळांना तिची झळ सर्वांआधी बसते. उलट पट टिकविण्यासाठी न येणाऱ्या मुलाचे नाव तसेच चालू ठेवले, तर ते मूल हरवले आहे हे कोणालाच कळत नाही. पहिल्या चुकीत शाळा जाते, दुसरीत मूल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून शालेय उपस्थितीचा कोणताही आकडा समोर आल्यास चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मोजणी कोणी केली : शाळेने स्वतः, की बाहेरून आलेल्याने? भागाकार कशाशी केला : एकूण पटाशी, की बोलाविलेल्या मुलांशी? 'हजर' कोणास म्हटले : वर्गात बसलेल्यास, की फोनवर नाव दिसलेल्यास? आणि मोजणीच्या वर्तुळाबाहेर कोण राहिले : फोन नसलेले घर, स्थलांतरित कुटुंब, दाखल्यावाचून अडकलेले मूल? या चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर तो आकडा उद्धृत करता येईल, पण त्यावरून निर्णय घेता येणार नाही.

शिक्षणसंस्थांच्या हाती यापलीकडचेही एक साधन आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. २०१९-२० मध्ये त्यात असलेले प्रत्येक नाव घेऊन ते मूल पुढे कोणत्या वर्गात गेले, दाखला घेऊन कोठे गेले, की नोंदीविना नाहीसे झाले, हे नावानिशी शोधता येते. त्यासाठी सर्वेक्षणसंस्थेची गरज नाही. एक शिक्षक, एक वही आणि काही घरांच्या पायऱ्या चढण्याची तयारी पुरेशी आहे. या शोधातून राज्याची टक्केवारी मिळणार नाही. पण २०२० मध्ये सातवीत असलेली एखादी मुलगी दहावीच्या यादीत का दिसली नाही, याचे उत्तर मिळेल, आणि तिला खुल्या विद्यालयातून परीक्षेस बसविण्याची वेळ अजून गेलेली नाही.